दिव्याला मराठी शिकवा

पाहुणा कितीही मोठा असो, आपल्या घरी आला म्हणजे घरच्यांच्या बोलण्याला त्यानेच जुळवून घ्यावे, अशी आपली जुनी रीत आहे. हल्ली मात्र एक असा पाहुणा येऊन बसला आहे की त्याच्यासाठी सारे घरच आपली भाषा बदलू लागले आहे. हा पाहुणा म्हणजे हुकूम ऐकून दिवे-पंखे चालवणारे बोलके यंत्र. मुंबई-पुण्याचे राहू द्या, आमच्या यवतमाळातही ते दिवाणखान्यात दिसू लागले आहे. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्यापुढे आपण जी मान तुकवली आहे, तिच्यावर आहे.

मी स्वतः असे एक यंत्र घरी मांडले आहे, तेव्हा हे ऐकीव बोलत नाही. मांडणी सोपी. घरच्या वायफायशी त्याची गाठ घालायची, फोनवर खाते उघडायचे, प्रत्येक दिव्याला नि पंख्याला एकेक नाव द्यायचे, की झाले. हाक मारली की ते जागे होते, आपले शब्द इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवते, तिथे त्यांचा अर्थ लागतो आणि उलट निरोप आला की दिवा लागतो. पण भाषा निवडण्याची वेळ आली तेव्हा यादीत इंग्रजी होती, हिंदी होती, मराठी नव्हती. परिणाम असा की ऐंशी वर्षांच्या माझ्या आईला स्वतःच्या माजघरात वारा हवा असेल तर आधी हिंदी जुळवावी लागते. ती सवयीने ‘पंखा लावजो रे बाबा’ म्हणते. यंत्र माफी मागते नि गप्प बसते. मग आईही गप्प बसते. तिचे हे गप्प बसणे मला सलते.

कोणी म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला? विदर्भात हिंदी कोणाला येत नाही? कबूल. बाजारात आम्ही हिंदी बोलतो, आणि आनंदाने बोलतो. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मध्यप्रदेशातच होता. परंतु त्या राज्यातही हिंदीच्या शेजारी मराठीला राजभाषेचे आसन होते. जे सरकारदरबारी मिळाले, ते घरातल्या घरात सोडून द्यायचे काय?

दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून दिव्याचेच उदाहरण घेतो. देवापुढला दिवा ‘विझव’ असे आपल्या घरांत म्हणत नसत. दिवा मालवायचा, शांत करायचा, त्याला निरोप द्यायचा. या साध्या शब्दांमागे दिव्याविषयीची पिढ्यान्‌पिढ्यांची अदब आहे. यंत्राला चालू आणि बंद एवढेच कळते. मुले दिवसातून दहा वेळा ज्या बोलीत हुकूम सोडतात, तीच त्यांच्या जिभेवर बसते. ‘मालवणे’ मग शब्दकोशात राहायला जाईल.

दुसरे म्हणतील, मराठीला खप नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक निघाले. आठ कोटी गिऱ्हाइकांना खप म्हणत नाहीत, तर खप म्हणतात तरी कशाला? आणि हे काम अशक्य म्हणावे, तर गूगलच्या सहायकाने फोनवर मराठी ऐकण्यास २०१८ सालीच आरंभ केला. ॲमेझॉनची अलेक्सा २०१७ मध्ये भारतात इंग्रजी घेऊन आली आणि दोनच वर्षांनी हिंदी शिकली. तात्पर्य, शिकवले तर यंत्र शिकते. ज्याची मागणी होते ते त्याला शिकवले जाते, आणि मागायचे त्या आपण तोंडाला कुलूप लावले आहे.

भाषेचे उत्सव मात्र आपण दणक्यात करतो. यवतमाळात १९७३ साली साहित्य संमेलन भरले, २०१९ साली पुन्हा भरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपली छाती फुगली. फुगावीच. पण देव्हाऱ्यात बसवलेली भाषा पंख्याच्या बटणापर्यंत पोचत नसेल, तर तिची पूजा झाली, तिचा संसार झाला नाही!

मग करावे काय? दुकानात असले यंत्र घेताना पहिला प्रश्न ‘याला मराठी येते का?’ हा विचारा. नाही म्हणाले तर कंपनीला तसे लिहा. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या उपक्रमात मराठी वाक्ये वाचून कोणालाही आपला आवाज देता येतो. यंत्रे अशाच आवाजांवरून भाषा शिकतात. या सुट्टीत फराळ झाल्यावर आजी-नातवंडांनी मिळून अर्धा तास तिथे द्यावा, आणि तो खुशाल आपल्या वऱ्हाडी वळणाने द्यावा.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पुसद-दिग्रसकडे घरोघरी गोरमाटी बोलतात, केळापूर-झरीकडे कोलामी. त्या घरांतली लेकरे शाळेत पाऊल टाकतात तेव्हा आपली मराठीही त्यांना अशीच परकी भेटते, आणि तीही आईसारखीच गप्प बसतात. जो न्याय आपण यंत्राकडे मागत आहोत, तो या शेजाऱ्यांना देण्याचे काम आपल्या हातचे आहे. त्यासाठी कोणत्याही कंपनीची वाट पाहावी लागत नाही.