वाचलेल्या पुस्तकाविषयीं मत

पुस्तक कसें वाटलें, असें विचारतांच ‘फार चांगलें’ हे दोन शब्द पुष्कळांच्या तोंडून तत्काळ बाहेर पडतात. हें मत नव्हे. प्रश्न टाळण्याची ती सभ्य रीत होय, असें आम्हांस वाटतें.

साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ घ्या. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेलें हें पुस्तक वाचून रडूं आलें, असें सारेच सांगतात. ज्यांनीं आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट तेवढा पाहिला आहे, तेहि तेंच सांगतात! परंतु पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामास आई मारते, तो प्रसंग आठवावा. मुलास कोणी भित्रा म्हणूं नये म्हणून तिनें असें करणें योग्य होतें काय? पाण्याची भीति पाण्यांत उतरल्यावांचून जात नाहीं, आणि उतरविण्यास कोणीतरी कठोर व्हावेंच लागतें, असें कित्येक म्हणतील. आम्हांस तें पटत नाहीं. अशा मुलास आधीं हात धरून विहिरीच्या पायरीवर बसवावें, असें आमचें मत आहे. मात्र तीं पानें पुन्हां उघडल्यावांचून हा वाद कोणासच नीट घालतां येणार नाहीं.

पालकांस एक विनंति. पाल्यानें एखादें थोर पुस्तक कंटाळवाणें म्हटलें, तर रागावूं नये. कंटाळा कोणत्या पानावर आला, तें विचारावें. रागावल्यास पुढील खेपेस तोहि ‘फार चांगलें’ म्हणून मोकळा होईल.