लम्पीची लस पावसाआधीच हवी

नांदगाव तालुक्यात लम्पीचे नाव निघाले की चार मते हमखास ऐकू येतात. लस टोचल्यानेच जनावर आजारी पडते, हे पहिले. लस देऊनही गाठी येतात, मग टोचायची कशाला, हे दुसरे. आपला तालुका कोरडा, इथे माश्या-डासांचे एवढे काय, हे तिसरे. आणि बाजार बंद केला की साथ थांबते, हे चौथे. ते गोठ्यापेक्षा कचेरीत जास्त चालते. चारही मतांच्या मुळाशी थोडेफार निरीक्षण आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत दावणीची गाय-बैले मोजतात. माझे म्हणणे सरळ आहे: तालुक्यातल्या प्रत्येक गाय-बैलाला दर वर्षी पावसाळ्याआधी लस मिळालीच पाहिजे. बाकीचे उपाय तिच्या जोडीला करावेत, तिच्या जागी नाही.

आधी या रोगाची वाटचाल पाहू. 1929 मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, तो प्रथम नोंदला गेला. भारतात 2019 मध्ये ओडिशात दिसला, महाराष्ट्रात 2020 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात. 2022 मध्ये गुजरात-राजस्थानात त्याने हाहाकार उडवला आणि 4 ऑगस्ट 2022 रोजी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावलला तो आढळला. आपल्या तालुक्याची पूर्वेकडची हद्द ओलांडली की चाळीसगाव, म्हणजे जळगाव जिल्हाच. सुरुवातीला सरकारने बाधित गावाच्या 5 किलोमीटर परिघातच लस टोचली. पुढे सप्टेंबरात सारे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, बाजार थांबले आणि लसीकरण सरसकट झाले. पशुसंवर्धन खात्याच्या माणसांनी भर पावसात कोटीहून अधिक जनावरांना लस टोचली, हे काम मोठेच होते. पण ते साथीच्या मागून धावणे होते. पाऊस पडत होता, माश्या वाढत होत्या आणि विषाणू लसवाल्यांच्या पुढे एक गाव चालला होता.

आता पहिला आक्षेप घेऊ. लस टोचली आणि आठ दिवसांत गाठी उठल्या, असे अनेकांनी पाहिले आहे. पाहिले ते खरे. लावलेले कारण चूक. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत साधारण चार ते चौदा दिवस जातात, कधी त्याहून जास्त. लसीचे संरक्षण उभे राहायलाही दोन-तीन आठवडे लागतात. गावात साथ शिरल्यावर टोचलेल्या जनावरांपैकी काहींच्या अंगात विषाणू आधीच असतो. अशा जनावराला गाठी आल्या की दोष सुईवर येतो. उशीर केला आपण आणि बदनाम झाली लस. टोचलेल्या जागी थोडी सूज, एखाद-दोन दिवस अंग कोमट, दूध किंचित कमी, एवढे होऊ शकते आणि ते ओसरते. गाभण गायीबाबत पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. पण गाभडण्याची मोठी भीती लम्पीच्या तापाने फणफणलेल्या गायीलाच असते.

एक शंका मात्र रास्त आहे. एकच सुई दहा जनावरांना वापरली तर ती सुईच रोग पोचवू शकते. म्हणून दर जनावराला नवी सुई मागणे हा पशुपालकाचा हक्क आहे आणि तो त्याने न लाजता बजावावा.

दुसरा आक्षेप परिणामाचा. 2022 मध्ये आपल्याकडे वापरली ती शेळ्यांच्या देवीची लस. तो विषाणू लम्पीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद असल्याने ती गायीलाही उपयोगी पडते, मात्र संरक्षण शंभर टक्के मिळत नाही. पण लसीचा हिशेब एका गायीवर मांडायचा नसतो. गावातली बहुतेक जनावरे सुरक्षित झाली की माशी ज्याच्यावरून उठून ज्याच्यावर बसते त्या दोघांपैकी एकाजवळ विषाणूला थारा उरत नाही. बाल्कन देशांनी हे करून दाखवले. तिथे 2016 मध्ये सात हजारांवर प्रादुर्भाव नोंदले गेले. लम्पीच्याच जिवंत लसीने सरसकट लसीकरण केल्यावर 2017 मध्ये ही संख्या सुमारे 95 टक्क्यांनी घटली. क्रोएशियाचे उदाहरण तर नांदगावने ध्यानात ठेवावे असे आहे. शेजारी रोग पोचल्यावर त्या देशाने आपल्या हद्दीत एकही जनावर आजारी नसताना लस टोचून घेतली आणि रोग आत शिरू दिला नाही. आपल्याकडे हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने लम्पीच्या विषाणूपासूनच 'लम्पी-प्रोवॅक-इंड' ही लस तयार केली. तिचे अनावरण ऑगस्ट 2022 मध्ये झाले आणि पुढे तिचे तंत्रज्ञान पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थनिर्मिती संस्थेला मिळाले. ज्ञान आपल्या दारात आहे. उरतो तो प्रश्न वेळेवर टोचण्याचा.

तिसरे मत दुष्काळी तालुक्याचे. पाऊस कमी पडतो हे खरे, पण माशीला पाऊस लागत नाही, ओल लागते. रक्त पिणारी गोठ्यातली चावरी माशी मुतात भिजलेल्या कडब्यात, शेणाच्या थरात, कुजलेल्या पाल्यात अंडी घालते. चाळीतून निवडून गोठ्यामागे टाकलेला सडका कांदा तिला आयताच मिळतो. पाण्याच्या टाकीभोवती चिखल होतो, डास तिथेच वाढतात. गोचीड तर कोरड्या भिंतीच्या फटीतही तग धरते. शिवाय कोरड्या तालुक्यात जनावरे पाण्याच्या मोजक्या जागांवर गोळा होतात. चार वस्त्यांची जनावरे एका हौदावर आली की चावरी माशी एकीच्या शेपटीचा फटका खाऊन उठते आणि अर्धवट राहिलेले पोट दुसरीच्या पायावर बसून भरते. तिच्या सोंडेला लागलेला विषाणू असाच पुढे जातो. पाणी कमी असल्याने आपण सुरक्षित होत नाही. उलट आपली जनावरे एकमेकांच्या जवळ येतात.

चौथे मत बाजारबंदीचे. रोगाच्या चाली दोन. पन्नास-शंभर किलोमीटरची उडी तो टेम्पोतून घेतो, गावातल्या गावात तो माशीवर बसून फिरतो. बाजार बंद केल्याने पहिली चाल अडते, दुसरी नाही. म्हणून साथ पेटल्यावर थोडे दिवस बंदी योग्यच; पण लसीविना लांबलेली बंदी शेतकऱ्याच्या नरड्यावर येते. पेरणीला बैल घ्यायचा असतो, मुलीच्या लग्नाला गाय विकायची असते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे तर बैलावाचून चालतच नाही. उघडा बाजार बंद झाला की रात्रीचा व्यवहार सुरू होतो आणि त्याची नोंद कुणाकडेच राहत नाही. कानात बिल्ला आहे, लस टोचून 28 दिवस झाले आहेत आणि अंगावर गाठ नाही, अशा जनावराला दाखला देऊन वाट मोकळी करावी. लस घेणाऱ्याला बाजार मिळतो हे दिसले की लसीला कुणी मागे हटणार नाही.

घरगुती उपायांविषयी माझे भांडण नाही. हळद, कडुनिंब, खोबरेल यांनी जखम स्वच्छ राहते, माशी दूर राहते. आजारी जनावराला त्याने आराम पडतो. पण या विषाणूवर रामबाण औषध नाही. ताप उतरवणे, जखमेत दुसरा जंतू शिरू न देणे, चारा-पाणी तोंडाशी नेणे, एवढीच शुश्रूषा शक्य असते. काही देश बाधित जनावरे मारून साथ तोडतात. आपल्या मनात त्याला जागा नाही, असूही नये. मग जनावर जगवायचे ठरवलेल्या समाजावर ते आजारी पडू न देण्याची जबाबदारी दुप्पट येते.

तर करायचे काय? मार्च ते मे या काळात, पहाटेच्या गारव्यात, बर्फाच्या पेटीतून आणलेली लस वस्तीवर जाऊन टोचावी. जिवंत लस उन्हात मरते, हे टोचणाऱ्याने आणि टोचून घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावे. लसवंत गायीच्या वासराला चार महिने पूर्ण होताच त्याची वेगळी फेरी घ्यावी. चिकातून मिळालेले संरक्षण तोवर ओसरलेले असते. उकिरडा गोठ्यापासून लांब न्यावा, गव्हाणीखालचा ओला कडबा रोज काढावा, गोचिडांसाठी भिंतीच्या फटींवरही फवारणी करावी. गाठ दिसताच जनावर वेगळे बांधावे आणि 1962 वर कळवावे. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही. त्यामुळे लपवण्याचे कारणच नाही. 2022 मध्ये सरकारने मृत गायीमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये भरपाई ठरवली. ती झटपट हाती पडली तरच लोक झटपट कळवतील, हे शासनानेही ओळखावे.

पशुपालक बंधू-भगिनींनो, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत लसीच्या मागणीचा ठराव करा आणि 1 मेच्या ग्रामसभेत किती जनावरांना टोचली, किती राहिली, याचा हिशेब विचारा. पहिला पाऊस पडेपर्यंत आपल्या गावातले एकही गाय-बैल लसीवाचून राहू देऊ नका.