‘ॲप’चं ‘एप’ कुणी केलं?

बुवापाड्यातून अंबरनाथ स्टेशनकडे जा, नाहीतर उल्हासनगरच्या बाजारात फिरा. मराठी, हिंदी, इंग्रजी, सिंधी सगळं एकाच रस्त्यावर ऐकू येतं. आता एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेची पाटी नीट वाचा. मराठीत ‘बँक’, हिंदीत ‘बैंक’. लिपी एक, शब्द एक, मग स्पेलिंग दोन का?

कारण आवाज वेगळे आहेत. ‘पैसा’ म्हणताना हिंदीतला ‘ऐ’ आपल्या ‘ॲ’च्या जवळ जातो. आपण म्हणतो ‘पइसा’. म्हणजे हिंदीचं काम जुन्याच मात्रेवर भागतं, आपलं भागत नाही. इंग्रजी शब्द आले तेव्हा मराठीला डोक्यावर चंद्रकोर घ्यावी लागली. उलटही बघा. ‘बँक’वरची चंद्रकोर आणि टिंब आपल्यासाठी ‘ॲ’ अधिक अनुस्वार. हिंदी वाचणाऱ्याला तेच चिन्ह ‘चाँद’सारखा नाकातला उच्चार सांगतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. रोमन लिपीतल्या ‘ई’वर तिरकी रेघ दिली की फ्रेंचमध्ये तो स्वच्छ ‘ए’ होतो, स्पॅनिशमध्ये ती रेघ जोर कुठे द्यायचा ते सांगते, चेक भाषेत स्वर लांबवते. ‘कॅफे’ हा शब्दच घ्या. फ्रेंचमध्ये चिन्ह शेवटच्या अक्षरावर, मराठीत पहिल्या! ज्या भाषेला जिथे गरज, तिथे तिचं चिन्ह.

आणि आपण काय करतोय? फेस्टच्या बॅनरवर ‘मैच’, ग्रुपवर ‘एप डाउनलोड कर’, प्रोजेक्टमध्ये ‘बैग’. हिंदी स्पेलिंग सरळ उचलायचं. कुणी टोकलंच तर उत्तर तयार: ‘कळलं ना, मग झालं!’

कळतं, कारण आपल्याला तो इंग्रजी शब्द आधीच माहीत असतो. ज्याला माहीत नाही त्याचं काय? पहिलीतलं पोर किंवा फक्त मराठी वाचणारी आजी नवा शब्द अक्षरांवरूनच उच्चारणार. औषधाचं नाव, फॉर्मवरचा रकाना, सगळं तसंच. चंद्रकोर गेली की ‘पॅन’चं ‘पेन’ होतं, ‘बॅट’चं ‘बेट’, ‘मॉल’चा ‘माल’, ‘हॉल’चे तर ‘हाल’च. ज्यांना इंग्रजी येतं त्यांच्या सोयीसाठी ज्यांना येत नाही त्यांची वाट अडवायची, हे मला पटत नाही.

बरं, ही अक्षरं आता पाहुणी राहिलेली नाहीत. राज्य सरकारने २००९ मध्ये वर्णमालेचं प्रमाणीकरण केलं, तेव्हा ॲ आणि ऑ यांना स्वरांमध्ये जागा दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, युनिकोडमध्ये मराठीसाठी स्वतंत्र ‘ॲ’ आला. तरी आजही कुणी ‘ऍ’ टाइप करतं, कुणी ‘अ’वर ॅ चढवतं. आपल्याला तिन्ही एकच वाटतात, कॉम्प्युटरला तीन वेगळी. यादीत ‘ॲना’ एका पद्धतीने असेल आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर साध्या सर्चमध्ये नाव सापडणारच नाही. रिझल्टच्या दिवशी असं झालं तर?

सिंधीचं उदाहरण समोर आहे. ती देवनागरीत लिहिताना ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ देतात, कारण तिचे खास आवाज साध्या अक्षरात मावत नाहीत. त्या रेघेला कुणी फालतू लाड म्हणत नाही.

हिंदीशी भांडण अजिबात नाही. हिंदीत ‘बैंक’ बरोबरच आहे, मराठीत नाही, एवढंच. फोनमध्ये हिंदी कीबोर्डवर मराठी रेटत असाल तर मराठी कीबोर्ड टाका. ‘ॲ’ तिथेच आहे. पुढचं बॅनर छापायला देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. चंद्रकोर कुठे हवी, ते तुमचा कानच सांगेल.