आधी लेणी, मग द्राक्षमळा

मंडळी, यंदा माघात एक दिवस सवड काढली अन् कारभारणीला घेऊन नाशिक गाठले.

सकाळी पांडवलेणी चढलो. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या जेवणासाठी त्याने शेत विकत घेऊन दान दिले. शेत कोणाकडून घेतले, गावच्या कोणत्या शिवेवर, किंमत ४,००० कार्षापण, सारे दगडात कोरलेले!

पुढे रामकुंड पाहिले. १९३० साली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला ते काळाराम मंदिर पाहिले. दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनचा कारखाना गाठला.

मळ्यातले घड पाहून कारभारीण म्हणाली, "अहो, ही तर बारीक अन् बियांची. बाजारात कोण घेणार?"

नेमके विचारले. खायच्या द्राक्षाला दहा गिऱ्हाइके. याला कारखाना हेच गिऱ्हाईक.

चवीला पेल्यात घोटभर वाइन देतात. रंग बघायचा, वास घ्यायचा, जिभेवर घोळवून हवी तर थुंकायची. बहुतेक वाइन गोड लागत नाही, कारण द्राक्षातली साखर आंबताना मद्यात बदलते.

२००८ नंतर वाइनचा खप घटला, तेव्हा इथल्या कितीतरी बागांना गिऱ्हाईक उरले नाही. अनेकांनी वेली उपटल्या. म्हणून सांगतो, अशी बाग लावण्याआधी भाव, साखरेचे प्रमाण, माल कधी उचलणार, पैसे कधी देणार, हे सहीनिशी लिहून घ्या.

उषवदाताने व्यवहार दगडावर लिहिला. आपण निदान कागदावर लिहू.