विश्लेषण : अपडेट फसल्यास संगणक मागे कसा फिरतो? ‘नोंदवही’ची जागा का महत्त्वाची?

जेएनपीए बंदरालगतच्या द्रोणागिरी नोडमधील कंटेनर यार्ड आणि गोदामांचे काम संगणकावरील नोंदींवर चालते. तिथे अपडेट टाळणे परवडत नाही आणि फसलेले अपडेटही परवडत नाही.

२०१७ मध्ये काय घडले?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ सायबर हल्ल्याने मर्स्क समूहाला जगभर फटका बसला. बंदरातील याच समूहाच्या ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’चे कामकाज ठप्प झाले. हा हल्ला युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. पसरताना त्याने वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. म्हणजे एक अपडेट घातक ठरले, तर दुसरे न घेणे महागात पडले.

नोंदवही म्हणजे काय?

कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीचे बसवले आहे, याची यादी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते. नवे अपडेट हवे की नको, हे ती यादी पाहूनच ठरते. लिनक्समध्ये प्रोग्राम मुख्यतः ‘यूएसआर’ फोल्डरमध्ये असतात. यादी मात्र परंपरेने ‘व्हार’मध्ये, म्हणजे लॉग, डेटाबेस अशा सतत बदलणाऱ्या माहितीसोबत असते.

मग अडचण कुठे?

अपडेट फसले की प्रोग्राम जुन्या स्थितीत न्यायचे असतात; पण कालपासूनच्या व्यवहारांच्या नोंदी पुसायच्या नसतात. म्हणून ‘व्हार’ मागे नेत नाहीत. परिणामी प्रोग्राम जुने होतात आणि यादी ‘नवे बसले आहे’ असेच सांगत राहते. सुरक्षेची दुरुस्ती निघून गेलेली असते, तरी यंत्रणा ती पुन्हा बसवत नाही. दार उघडे आणि वहीत ‘कुलूप लावले’ अशी नोंद!

उपाय काय?

यादी प्रोग्रामसोबतच ठेवणे, म्हणजे दोन्ही एकत्रच पुढे-मागे होतात. ओपनसुसे आणि २०२२ मधील फेडोरा ३६ यांनी ती ‘यूएसआर’मध्ये हलवली. डेबियनने जुनी जागा कायम ठेवली आहे. जुन्या जागेवर विसंबलेली साधने मोडू नयेत, म्हणून फेडोराने तिथे नव्या जागेकडे नेणारा दुवा ठेवला.

मोबाइलमध्ये काय होते?

अँड्रॉइड ७ पासून (२०१६) अनेक फोनमध्ये सिस्टीमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. अपडेट रिकाम्या प्रतीवर बसते; फोन सुरू झाला नाही, तर जुनी प्रत चालू होते. फोटो, संदेश वेगळ्या भागात राहतात.

एवढ्याने भागते का?

नाही. नव्या आवृत्तीने डेटाबेसची रचनाच बदलली, तर जुना प्रोग्राम तो वाचू शकेलच असे नाही. शिवाय मागे फिरण्याची सोय म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच नष्ट झाली, तर दोन्ही प्रती जातात. त्यामुळे संगणक सांभाळणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला हवेत : अपडेट फसल्यास परत कसे येणार आणि परत आल्यावर नोंदवही खरे बोलेल का?