शिक्रापूर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सुरक्षेविषयी मागण्यांचे निवेदन

दिनांक : ८ डिसेंबर २०२५
स्थळ : शिक्रापूर, ता. शिरूर, जि. पुणे

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. प्राचार्य (सदस्य-सचिव),
महाविद्यालय विकास समिती, शिक्रापूर

विषय : महाविद्यालयाचे आवार, तसेच गेटपासून चौकापर्यंतचा रस्ता विद्यार्थ्यांसाठी सुरक्षित करण्याबाबत.

अर्जदार : महाविद्यालयातील विद्यार्थी, विद्यार्थिनी व पालक

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही पुढील निवेदन सविनय सादर करीत आहोत.

आपल्या महाविद्यालयात पाबळ, केंदूर, करंदी, जातेगाव, मुखई, निमगाव म्हाळुंगी, तळेगाव ढमढेरे अशा गावांतून मुले-मुली येतात. सणसवाडी व रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या मराठवाडा-विदर्भातील कुटुंबांची मुलेही येथेच शिकतात. काही जणी खोली करून राहतात. कॉलेजची पायरी चढणारी मुलगी घरात पहिलीच, अशी कुटुंबे यांत पुष्कळ आहेत. अशा घरात तिच्या शिक्षणाचा निर्णय रोज संध्याकाळी नव्याने होत असतो. ती वेळेवर, निर्धास्तपणे घरी पोचली तर दुसऱ्या दिवशी कॉलेज असते. एकदा कोणी पाठलाग केल्याचे कानावर आले की घरचे "आता बास झालं" म्हणतात आणि स्थळे पाहायला लागतात. सुरक्षेअभावी वर्गातले नाव असे गुपचूप कमी होते, म्हणून हा विषय आम्ही विकास समितीपुढे मांडत आहोत.

सद्यःस्थिती

शिक्रापूर पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, चाकणचा रस्ता जेथे मिळतो त्या ठिकाणी आहे. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि पाळी सुटल्यावरची गर्दी हे येथील रोजचे चित्र आहे. सध्या सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि आमची प्रात्यक्षिके साडेपाचला संपतात. गेटवरचा एक दिवा सोडला की पुढचा उजेड थेट चौकातल्या दुकानांचा. मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात रस्त्याकडेला ट्रेलर उभे असतात आणि त्यांच्या आड कोण उभे आहे, हे जवळ जाईपर्यंत कळत नाही. मोटारसायकल हळू करून शेजारून चालणारे, मोबाइल नंबर मागणारे टवाळखोर याच पट्ट्यात भेटतात. मुली तीन-चार जणी जमेपर्यंत गेटमध्ये थांबतात. जिची गाडी आधीची, तिला एकटीनेच निघावे लागते.

आवारात वॉचमनच्या टेबलावर अभ्यागतांची नोंदवही आहे. तिच्यात बहुतेक ठिकाणी नुसते पहिले नाव लिहिलेले असते. कोणाकडे आले, कधी गेले, हे रकाने कोरे असतात. कॅमेऱ्यांचा पडदा कार्यालयात आहे आणि संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लागले की तो पाहणारे कोणी नसते. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारालाच टांगलेली असल्यामुळे चिठ्ठी टाकणारी मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. अंतर्गत तक्रार समितीच्या फलकावर बदली होऊन गेलेल्या सदस्यांची नावे अजून आहेत. म्हणजे वही, कॅमेरा, पेटी, समिती हे सारे आहे, पण त्यातल्या एकाही गोष्टीचे उत्तर कोणी द्यायचे, हे ठरलेले नाही. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

अशा ढिलाईची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. संशयित कंत्राटी सफाई कर्मचारी होता. त्यानंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढून कॅमेरे, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीबाबत आदेश दिले. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, भल्या पहाटेही वर्दळ असलेल्या ठिकाणी, उभ्या एसटी बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला. त्या प्रकरणातील आरोपीला पोलिसांनी आपल्याच तालुक्यातील गुनाटच्या शिवारातून, ग्रामस्थांच्या मदतीने ताब्यात घेतले. गावकरी पोलिसांबरोबर रात्री उसाच्या फडात उतरले, याचा आम्हाला अभिमान आहे. तीच तत्परता घटना घडण्याच्या आधी दिसावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

बंधने हा उपाय नाही

दिवाळीनंतर विद्यार्थिनींना चारनंतर अभ्यासिकेत बसू दिले जात नाही. हेतू चांगला असेल, पण परिणाम असा की टवाळखोर चौकात मोकळे आणि मुलगी पुस्तकांपासून दूर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधविषयक विनियम, २०१५ मध्ये पुरेसा उजेड, प्रशिक्षित सुरक्षा रक्षक व त्यांत महिलांचे पुरेसे प्रमाण यांचा आग्रह धरला आहे. सुरक्षेच्या नावाखाली विद्यार्थिनींच्या वावरावर बंधने येऊ नयेत, हेही त्यातच स्पष्ट केले आहे. याच विनियमांनुसार 'आवार' गेटपाशी संपत नाही. संस्थेने पुरवलेली वाहतूक, सहल, शिबिर आणि विद्यार्थी जेथे प्रशिक्षणार्थी म्हणून जातात ते ठिकाणही त्यात येते. नव्या अभ्यासक्रमामुळे आमच्यातील अनेकांना कंपन्यांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी जावे लागते, त्यामुळे ही तरतूद आमच्यासाठी कळीची आहे.

आमच्या मागण्या

१. गेट ते चौक या रस्त्यावर दिवे बसवण्यासाठी व रस्त्याकडेची अवजड वाहने हटवण्यासाठी महाविद्यालयाने ग्रामपंचायत, महामार्ग यंत्रणा व पोलीस यांच्याकडे लेखी प्रस्ताव द्यावा आणि त्याची पोच सूचना फलकावर लावावी. दिवे लागेपर्यंत संध्याकाळी पाच ते सात या वेळेत एक सुरक्षा रक्षक मुलींच्या गटाबरोबर चौकापर्यंत जावा.

२. अभ्यासिकेच्या वेळेचे बंधन तत्काळ मागे घ्यावे. मुले व मुली यांना एकच वेळ असावी.

३. अंतर्गत तक्रार समितीची विनियमांनुसार पुनर्रचना करावी. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असाव्यात, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात, बाहेरच्या सामाजिक संस्थेचा सदस्य असावा आणि निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असावेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण होते, तक्रारदाराचे नाव गुप्त राहते, हे प्रत्येक वर्गात समजावून सांगावे.

४. अकरावी-बारावीचे विद्यार्थी याच आवारात शिकतात आणि त्यांतील बहुतेक अठरा वर्षांखालील आहेत. त्यांच्याबाबत पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो व गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. सर्व प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना याचे प्रशिक्षण द्यावे. असे प्रकरण आपसांत मिटवण्याचा प्रयत्न कोणत्याही पातळीवर होऊ नये.

५. सुरक्षा रक्षक परवानाधारक संस्थेकडून घ्यावेत व किमान एक महिला रक्षक असावी. सफाई, कॅन्टीन, बांधकाम यांवरील प्रत्येक कंत्राटी कामगाराची पोलीस पडताळणी करावी.

६. तक्रारपेटी मुलींच्या कक्षात हलवावी. ती दर शनिवारी समितीच्या अध्यक्षांनी विद्यार्थी प्रतिनिधीसमोर उघडावी. कॅमेऱ्यांची तपासणी कोणी व केव्हा केली, याची सहीनिशी नोंद ठेवावी. स्वच्छतागृहाच्या दिशेने एकही कॅमेरा नसावा.

७. कंपनीत प्रशिक्षणासाठी पाठवण्यापूर्वी तेथील अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचे नाव व क्रमांक लेखी घ्यावा. रात्रपाळीत विद्यार्थ्यांना पाठवू नये. आपल्याकडील एक प्राध्यापक महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन यावा.

८. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा, १९९९ नुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांची आहे. खोली करून राहणाऱ्या मुलांमध्ये घडणाऱ्या प्रकारांनाही हाच नियम लावावा.

९. प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक एसटीच्या वेळांशी जुळवावे. केंदूर, करंदी, जातेगाव या बाजूला ऊस आहे, बिबट्याचा वावर आहे आणि तोडणीच्या दिवसांत तो वाढतो. तेथील विद्यार्थी उजेड असताना गावात पोचतील, अशी प्रात्यक्षिकांची तुकडी त्यांना सकाळी द्यावी.

१०. ११२, महिला मदतवाहिनी १८१, बालकांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक प्रत्येक वर्गात व ओळखपत्राच्या मागे छापावेत.

अंमलबजावणी

प्रत्येक मागणीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व पूर्ततेची तारीख लिहून तो तक्ता सूचना फलकावर लावावा, ही या निवेदनातील सर्वांत महत्त्वाची विनंती आहे. मागण्या २, ६ व १० यांना फारसा खर्च नाही. त्या आठ दिवसांत पूर्ण व्हाव्यात. उर्वरित कामांचा आढावा ३ जानेवारी रोजी, सावित्रीबाई फुले जयंतीच्या कार्यक्रमात, सर्व विद्यार्थी व पालकांसमोर वाचून दाखवावा.

आम्हीही आमचा वाटा उचलू. प्रत्येक गावाच्या गाडीचा एक विद्यार्थी प्रतिनिधी नेमण्यास, गेटवरील नोंदवहीच्या कामात आळीपाळीने मदत करण्यास आणि पालकांच्या बैठका गावोगावी घेण्यास आम्ही तयार आहोत. चौकातल्या दुकानदारांशीही आम्ही बोलणार आहोत. त्यांनी संध्याकाळी दुकानापुढचा एक दिवा उशिरापर्यंत चालू ठेवावा, अशी आमची त्यांना विनंती राहील.

या निवेदनावर १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. उत्तर न आल्यास आम्ही विकास समितीच्या पुढील बैठकीच्या वेळी पालकांसह शांततेने उपस्थित राहू आणि विद्यापीठाकडे दाद मागू. तशी वेळ आपण येऊ देणार नाही, असा आम्हाला विश्वास आहे.

आपले नम्र,
विद्यार्थी, विद्यार्थिनी व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व सहकार्यासाठी सविनय सादर :
१. मा. पोलीस निरीक्षक, शिक्रापूर पोलीस ठाणे
२. मा. सरपंच, ग्रामपंचायत शिक्रापूर
३. मा. तहसीलदार, शिरूर
४. मा. आगार व्यवस्थापक, एसटी आगार, शिरूर
५. मा. उपवनसंरक्षक, जुन्नर वनविभाग