नाव बदलणारे आणि नाव लपवणारे

वर्तमानपत्रात निविदांच्या आणि 'सदर इसमाशी आमचा काहीही संबंध नाही' अशा नोटिसांच्या शेजारी तीन-चार ओळींची एक जाहिरात नेहमी असते. अमुक नावाचा माणूस यापुढे तमुक नावाने ओळखला जाईल, एवढाच तिचा मजकूर. आपण तिच्यावरून नजर फिरवतो आणि शब्दकोड्याकडे वळतो. त्या चार ओळींमागे मात्र एक आयुष्य उभे असते. कुणाचे लग्न झालेले असते, कुणाचे मोडलेले असते. कुणाची शाळेच्या दाखल्यावरची चूक तीस वर्षांनी पासपोर्टच्या वेळी आडवी आलेली असते. कुणाला आडनावातून डोकावणारी जात नको असते, तर कुणाला ज्योतिषाने एक अक्षर वाढवायला सांगितलेले असते. आणि कुणी मुलगा म्हणून वाढवले गेलेले असते, पण ते आयुष्य आपले नव्हे हे त्या व्यक्तीला फार पूर्वीच उमगलेले असते.

अशी जाहिरात कुणी मोठ्याने वाचली की घरातले एकजण हमखास म्हणतो, 'कर्ज बुडवून पळाला असेल!' बँकेच्या नोकरीत हा संशय मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. नाव बदलतो म्हणजे काहीतरी लपवतो, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. ते कितपत खरे आहे, आणि त्या भीतीपोटी आपण घातलेल्या कुंपणात नेमके कोण अडकते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

नाव बदलण्यासाठी आपल्याकडे सर्वांना लागू असा एकच स्वतंत्र कायदा नाही. रूढ वाट आहे ती प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातली जाहीर सूचना आणि राजपत्रातली नोंद अशी. या राजपत्राला सगळे नुसते 'गॅझेट' म्हणतात. महाराष्ट्रात गॅझेट म्हटले की जुन्या माणसांना चर्नी रोडचे शासकीय मुद्रणालय आठवते. आता अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. पण गॅझेटच्या त्या पानांवर एक टीप छापलेली असते, ती फारसे कुणी वाचत नाही. या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, तो अर्जदाराच्या अर्जावरून, कागदपत्रे न पडताळता छापला आहे, असे ती सांगते. म्हणजे गॅझेट ही दवंडी आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. गावात दवंडी पिटणाऱ्याने दवंडी पिटावी, खरे-खोटे ऐकणाऱ्याने तपासावे, तसेच हे.

आणि हे योग्यच आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या गुणपत्रिकांवरील नावांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, नाव हा माणसाच्या ओळखीचा अविभाज्य भाग आहे आणि आपले नाव बदलणे हा राज्यघटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच एक भाग आहे. मंडळाला वाजवी अटी घालता येतील, सरसकट नकार देता येणार नाही. त्यापूर्वी २०१४ साली याच न्यायालयाने तृतीयपंथीय व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. तेव्हा नाव बदलू द्यावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. उरला आहे तो एवढाच, की जुने नाव आणि नवे नाव यांमधला धागा कुणी, कसा सांभाळायचा?

बँकांना या धाग्याची काळजी फार जुनी. पूर्वी खाते उघडायला 'ओळख' लागे. जुन्या खातेदाराने नव्या माणसाच्या फॉर्मवर सही करायची, की हा मला माहीत आहे. त्यामागचे कारण कायद्यात होते. दुसऱ्याचा चेक चोरायचा, चेकवर असेल त्याच नावाने खाते उघडायचे, पैसे काढून पसार व्हायचे, हा जुना धंदा. अशा वेळी १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १३१ बँकेला संरक्षण देते, पण बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल तरच. ओळखीची सही हा त्या सावधपणाचा पुरावा होता. खरे तर कित्येकदा ओळख देणाराही त्या माणसाला चहाच्या टपरीपुरताच ओळखत असे.

२००२पासून रिझर्व्ह बँकेने 'आपला ग्राहक ओळखा' म्हणजेच केवायसीचे नियम आणले, ते पुढे कडक होत गेले. शेअरबाजाराला जाग यायला २००५ साल उजाडावे लागले. त्या सुमारास सेबीच्या तपासात उघड झाले, की लहान गुंतवणूकदारांसाठी राखून ठेवलेले नव्या कंपन्यांचे शेअर काही मंडळींनी हजारो बनावट नावांची डीमॅट खाती उघडून लाटले होते. या माणसांनी आपले नाव बदलले नव्हते. नसलेल्या माणसांना नावे दिली होती. त्यानंतर २००७पासून शेअरबाजारातल्या प्रत्येक व्यवहाराला पॅन ही एकमेव ओळख ठरली.

या पॅनची एक गंमत आहे. व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर तिच्या आडनावाचे आद्याक्षर असते. लग्नापूर्वी कुलकर्णी असलेल्या बाईंच्या पॅनमध्ये तिथे 'के' असतो. लग्नानंतर त्या देशपांडे झाल्या, कार्डावरचे नाव बदलले, तरी क्रमांक तोच राहतो आणि 'के' जागचा हलत नाही. धागा असावा तर असा. बाईंना हवे ते नाव लावू देणारा, आणि करखात्याला, कर्ज देणाऱ्या बँकेला ही तीच व्यक्ती आहे हे बिनचूक सांगणारा. आधारचा क्रमांकही बदलत नाही, आणि त्यावरचे नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. तेव्हा गॅझेटमध्ये नाव बदलून कर्ज बुडवणे ही आज जवळजवळ अशक्य गोष्ट आहे.

मग गुन्हेगार काय करतात? आपल्या मुंबईचीच दोन उदाहरणे घेऊ.

पहिले छोटा राजनचे. राजेंद्र सदाशिव निकाळजे हे त्याचे खरे नाव. २०१५ साली इंडोनेशियात बाली येथे तो पकडला गेला, तेव्हा त्याच्याजवळचा पासपोर्ट मोहन कुमार या नावाचा होता. त्याने गॅझेटमध्ये जाहिरात दिली नव्हती की प्रतिज्ञापत्र केले नव्हते. तो पासपोर्ट बंगळूरच्या कार्यालयातून निघाला होता, आणि एप्रिल २०१७मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा सुनावली ती राजनबरोबर पासपोर्ट खात्याच्या तीन माजी अधिकाऱ्यांनाही. दाराला कुलूप होते. किल्लीवालाच फितूर होता.

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. दाऊद गिलानी नावाच्या अमेरिकी नागरिकाने फेब्रुवारी २००६मध्ये फिलाडेल्फियात रीतसर, कायदेशीरपणे आपले नाव बदलले आणि आईकडचे आडनाव घेतले. तो झाला डेव्हिड कोलमन हेडली. हेरॉइनच्या तस्करीत त्याला पूर्वी शिक्षा झालेली होती. भारतात आपण मुसलमान किंवा पाकिस्तानी वाटू नये, सरळ अमेरिकन पाहुणा वाटावे, यासाठी लष्कर-ए-तोयबाच्या कामाकरिता हे नाव बदलले, हे पुढे अमेरिकी न्यायालयात नोंदले गेले. नव्या नावाचा पासपोर्ट घेऊन तो मुंबईत आला, ताडदेवला कार्यालय थाटले, ताजची आणि इतर ठिकाणांची टेहळणी केली. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. जानेवारी २०१३मध्ये शिकागोच्या न्यायालयाने त्याला पस्तीस वर्षांची शिक्षा दिली. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे दूरदृश्य साक्ष देताना, नाव भारतात शिरण्यासाठी बदलले आणि व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती दिली, हे त्याने स्वतःच कबूल केले.

इथे नाव बदलण्याची प्रक्रिया सदोष होती काय? नाही. फिलाडेल्फियाच्या दप्तरात गिलानी आणि हेडली यांच्यामधला धागा शाबूत होता. तो तुटला सरहद्दीवर, व्हिसाच्या खिडकीशी. आपल्या व्हिसाच्या अर्जात आज 'तुम्ही कधी नाव बदलले आहे काय?' असा प्रश्न असतो. पण लबाड माणूस त्यापुढे 'नाही' लिहिणार. उत्तर अर्जदाराच्या तोंडून घ्यायचे की ज्या दप्तरात नोंद आहे त्या दप्तराकडून, यातच सगळी मेख आहे.

आजकालचा सायबरचोर तर नाव बदलण्याच्या भानगडीत पडतच नाही. तो तुमचे नाव वापरतो, किंवा एखाद्या गरजू तरुणाला चार पैसे देऊन त्याचे खरेखुरे, केवायसी झालेले बँक खातेच भाड्याने घेतो. कागदपत्रे सगळी अस्सल, माणूस अस्सल. फक्त पैसा चोरीचा. पोलीस दारात येतात ते त्या मुलाच्या. आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे आजच बसवून सांगायला हवे. आणि फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, हेही.

या पार्श्वभूमीवर आपली कुंपणे पाहा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा प्रकार आहे. केवायसीच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की ओळखपत्र जुन्या नावाचे असले तरी सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट असेल तर ते ग्राह्य धरावे. तरीही काउंटरवरच्या बाईंना 'साहेब नाही म्हणतात' असे ऐकून परत जावे लागते. साहेबांनाही मी समजू शकतो. पुढे चौकशी झाली तर फाईलमध्ये एक कागद जास्त असलेला बरा, ही नोकरीतली शिकवण. पण असा कागद चोर थांबवत नाही, तो साहेबाला वाचवतो.

लग्नानंतर पुन्हा माहेरचे नाव लावू इच्छिणाऱ्या स्त्रीकडे केंद्राच्या प्रकाशन विभागाने घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र मागितले. या अटीला २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात एका महिलेने आव्हान दिले. ज्या नवऱ्यापासून दूर व्हायचे, त्याच्याच सहीने स्वतःचे नाव परत मिळवायचे! यातून कोणता गुन्हा टळतो, हे मला तरी कळलेले नाही. आणि मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईचे किंवा घरच्यांनी हाकललेल्या तृतीयपंथीयाचे जुने नाव, नवे नाव आणि राहण्याचा पत्ता जर जाहिरातीत छापला, तर तो धागा थेट शोधणाऱ्याच्या हातात दिल्यासारखे होते. जे सरकारला ठाऊक असणे आवश्यक आहे, ते गल्लीला ठाऊक असण्याची गरज नाही.

इंग्लंडमध्ये नाव बदलणे फार सोपे, एका साध्या दस्ताने होते. मात्र लैंगिक गुन्ह्यासाठी पोलिसांच्या नोंदीत असलेल्याने नाव बदलले, तर २००३च्या कायद्याप्रमाणे तीन दिवसांत पोलिसांना कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे. तिथेही भिस्त गुन्हेगाराच्या सांगण्यावरच, ही उणीव आहेच. पण दिशा योग्य आहे. ओझे शिक्षा झालेल्यावर टाकले, सगळ्या जगावर नाही.

आपल्याला हे अधिक चांगले करता येईल. गॅझेटची प्रत्येक नोंद गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संगणकीय नोंदींशी आतल्या आत ताडून पाहता येईल. त्यासाठी अर्जदाराला खेटे घालायला लावायची गरज नाही. जाहीर सूचनेतून पत्ता वगळता येईल, आणि ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांची नोंद बंद दप्तरात ठेवता येईल. पासपोर्ट, शस्त्रपरवाना, शाळेतली नोकरी अशा मोजक्या खिडक्यांवर जुने नाव सक्तीने तपासावे, बाकीच्यांनी पॅन किंवा आधारवर समाधान मानावे. आणि खिडकीआडचा माणूस फितूर निघाला तर राजनच्या खटल्यासारखी शिक्षा त्यालाही व्हावी.

हा विषय आपल्या घरापासून लांब आहे असे कुणी समजू नये. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. निर्णय उत्तम आहे. पण आपल्याकडे कित्येक घरांत अजूनही लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. ती बाई सासरी एका नावाची, माहेरच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या नावाची. तिच्या मुलाच्या दाखल्यावर यांतले कोणते नाव जाणार, हे बारशाच्या आधीच ठरवलेले बरे. दोन्ही नावांच्या कागदांची, विवाह नोंदणीच्या दाखल्याची आणि गॅझेट असेल तर त्याची एक फाईल घरात असू द्यावी, आणि ती त्या बाईच्याच ताब्यात असू द्यावी.